लाकडाचा इकामा

मेस्त्री आमच्या घरी पहिल्यांदा आले ते स्वयंपाकघरातल्या कपाटाचं निखळलेलं दार बसवायला, आणि पाय आत टाकल्या टाकल्या त्यांनी आमच्या घरातल्या यच्चयावत लाकडाचा अपमान केला. मुख्य दारावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणाले, "भुसा." जेवणाच्या टेबलावर टकटक, "भुसा आणि गोंद." दिवाणखान्यातलं पुस्तकांचं कपाट मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सुट्टीचे दोन शुक्रवार खपून स्वतः जोडलं होतं. त्याच्यावर तर त्यांनी टकटकसुद्धा केली नाही. नुसतं पाहिलं, मग मंदारकडे पाहिलं आणि पिशवीतून हत्यारं काढायला लागले.

तोवर मला ते मराठी आहेत हेही ठाऊक नव्हतं. कुवेतमध्ये एगैलातल्या आमच्या इमारतीच्या हारिसने, म्हणजे राखणदाराने, 'हिंदी नज्जार' एवढंच सांगून नंबर दिला होता. इथे हिंदी म्हणजे भारतातला आणि नज्जार म्हणजे सुतार. फोनवर आम्ही दोघं हिंदीतच बोललो होतो, तीही दोघांची धन्य. दार बसवता बसवता त्यांना घरून फोन आला आणि ते जे काय मालवणीत सुटले, ते ऐकून मी हातातला चहा तसाच ठेवला. मी पुण्याची. मालवणी निम्मं कळतं, निम्मं अंदाजाने घेते. पण परक्या मुलखात ते निम्मंसुद्धा पुरतं. फोन संपल्यावर मी विचारलं, "कुठले तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कपाटच बोललं.

दत्ताराम मेस्त्री. कुडाळच्या पुढचं गाव. उंचीला बेताचे, हडकुळे, मिशी पांढरीशुभ्र आणि डोक्याचे केस मात्र मेंदीने लाल. कानावर पेन्सिल कायम. आमच्याकडे जेवायला बसतानाही ती निघायची नाही. भर ऑगस्टमध्ये बाहेर अंगाची लाही होत असताना हा माणूस जाकीट घालून फिरायचा, कारण त्यांच्या मते एसीची हवा हाडात शिरते आणि टक्कल पाडते. हाडात शिरलेली हवा डोक्यावर कशी जाते, हे मी एकदा विचारलं होतं. "जाता," एवढंच उत्तर मिळालं.

राहायचे मिरकाबला, जुन्या इमारतीत, एका खोलीत चौघेपाचजण. बायको-मुलं गावी असलेल्या प्रत्येक पुरुषाला इथे 'बॅचलर' म्हणतात. मेस्त्रींना दोन नातू होते, तरी ते बॅचलरच. "आमच्या लग्नाची पत्रिका दाखवली तरी ऐकत नाहीत," असं ते खुशीत सांगायचे.

नम्रता वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती. एका शेखच्या दिवाणियाचा, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या दालनाचा, दरवाजा आपण कसा केला, ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की तो दरवाजा दर वेळी हातभर उंच होत गेलेला मला माहीत आहे. कंपनीच्या मुदीरचं, म्हणजे मॅनेजरचं, आपल्याशिवाय पान हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. जपानी माणूस मुळात कोकणातलाच, हा त्यांचा आणखी एक सिद्धांत. भात खातो, मासे खातो, चपला बाहेर काढतो आणि फार बोलत नाही. मी म्हटलं, मेस्त्री, शेवटचं काही कोकणाला लागू पडत नाही. त्यावर ते म्हणाले की जे फार बोलत नव्हते तेवढेच जपानला गेले.

जपानचा विषय निघाला तो सुरीवरून. मंदार ऑफिसच्या कामाला ओसाकाला गेला होता तेव्हा त्याने एक सुरी आणली होती. पातं असं की टोमॅटोवर नुसतं ठेवलं की टोमॅटो दोन. मूठ हलक्या पांढुरक्या लाकडाची, आठ कडांची, तोंडाशी काळ्या शिंगाचं कडं. सुंदरच होती. तिला हाताने धुवायचं असतं, असं मी बजावून सांगितलेलं असताना याच माणसाने ती डिशवॉशरमध्ये घातली, एकदा नाही, अनेकदा. वर इथली हवा. कुवेतची हवा ओठ फाडते, टाचा फाडते, तिथे मुठीची काय कथा. कडं तडकलं, लाकूड चिरलं, पातं लटलटा हलायला लागलं. मग मंदारने त्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळली आणि आम्ही तशीच वापरत होतो.

ती सुरी ओट्यावर मेस्त्रींना दिसली आणि कपाटाचं दार राहिलं बाजूला. त्यांनी सुरी उचलली, पातं उजेडाकडे धरलं, अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवलं. मग चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. "वैनी, पातं राजाचं आणि मूठ भिकाऱ्याची?" म्हणाले. विचारायची तर पद्धत नव्हतीच. त्यांनी तिथल्या तिथे जुनी मूठ ठोकून काढली. आतून पात्याची लांबुडकी, गंजलेली शेपटी बाहेर आली. ना खिळा, ना स्क्रू. ती पाहिल्यावर म्हातारा जो खुलला, तो मी नंतर क्वचितच पाहिला. "हो तर आमचो कोयतो!" ते ओरडलेच. त्यांच्याकडे कोयत्याची मूठ अशीच बसवतात म्हणे. शेपटी तापवून लाकडात घुसवायची, लाकूड आतून जळतं आणि शेपटी आपली जागा आपणच करून घेते. मग त्यांनी जुनी मूठ चिकटपट्टीसकट तात्पुरती परत चढवली.

जुलैत ते रजेवर गेले आणि परत येताना घरामागच्या पडलेल्या फणसाचा तुकडा घेऊन आले. पिवळाधमक, गोडसर वासाचा. विमानातून उतरल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आमच्याकडे हजर. आल्या आल्या कणीक भिजवायला सांगितली. मला वाटलं, चपात्या हव्यात. तर म्हणाले, घट्ट गोळा करा आणि सुरी धरता तसा मुठीत धरा. मी धरला. त्यांनी तो गोळा माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि उजेडात फिरवून फिरवून बघत बसले. कुठल्या बोटाचा दाब जास्त, अंगठा कुठे येतो, तळवा कुठे टेकत नाही, सगळं त्या कणकेत उमटलं होतं. "तुमी करंगळी धरूकच नाय," म्हणाले. खरंच की. इतकी वर्षं चिरतेय, मला पत्ता नव्हता.

मग तासून, घासून, मुठीला आठ कडा काढून, तोंडाशी पितळेचं कडं बसवून झालं. कडं म्हणजे नळाच्या पाइपाचा तुकडा होता, पण असा घासला होता की सोन्याचा वाटावा. पात्याला ओलं फडकं गुंडाळून त्यांनी शेपटी गॅसवर लाल केली आणि भोकात सरकवली. चर्र आवाज, धूर, फणसाचा जळका वास, आणि छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. हारिस धावत वर आला. मेस्त्रींनी त्याला अरबीत शांतपणे सांगितलं की काही नाही, लग्न लावतोय. शेवटचं काम मला सगळ्यात नवलाचं वाटलं. मला वाटत होतं, आता सुरी कशावर तरी टेकवून ठोकणार. छे. त्यांनी मूठ हातात धरली, पातं खाली, सगळं अधांतरी, आणि मुठीच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने ठोके दिले. ठोका मुठीला आणि पातं आपलं आपण वर चढत मुठीत शिरत होतं. टेकवलं की बसत नाही, असं ते म्हणाले.

आमची सुरी मराठी मंडळींत गाजली. महिनाभर. मग एका शुक्रवारी जेवायला माणसं होती, मी सगळ्यांसमोर कलिंगड कापायला घेतलं, सुरी आत घातली, ओढली, आणि मूठ माझ्या हातात, पातं कलिंगडात. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मंदारने त्याचा व्हिडिओ काढला आणि कुठलाही विचार न करता इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मेस्त्रीही त्या ग्रुपवर होते.

त्यांचा फोन आला नाही. मी केला तर उचलला नाही. एरवी दर दोन दिवसांनी फोन करून दिवाणियाच्या दरवाजाची गोष्ट ऐकवणारा माणूस गप्प. मी मंदारला फाडफाड बोलले, त्याने व्हिडिओ काढून टाकला, पण बूंद से गयी ती गेलीच. मग एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून, जाकिटाशिवाय, मेस्त्री दारात उभे राहिले. आत आले, मूठ मागितली, कड्यात बोट घालून फिरवलं. कडं सैल झालं होतं, भोकाच्या तोंडाशी बारीक चीर होती. मग म्हणाले, "माझी चूक झाली, वैनी. लाकूड पावसातून इलेला. अंगात पाणी. ता विमानातून उतरला आणि मी त्येका लगेच ड्युटीक लावलंय."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि पुढे जे म्हणाले, ते पुढे आमच्या मंडळात म्हणीसारखं चाललं. "लाकडाक आधी इकामो लागूक व्हयो." इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. तो नाही तोवर माणूस इथे असून नसल्यासारखा. बताका म्हणजे ओळखपत्र नाही, बँक नाही, फोनचं कार्डसुद्धा मिळायची मारामार. लाकडाचंही तसंच, असं मेस्त्रींच्या डोक्यात बसलं. इथली हवा त्याच्या अंगातलं पाणी पिऊन टाकते, ते आकसतं, वाकतं, कण्हतं. ते सगळं होऊन जाऊ द्यायचं. तोवर त्याला हात लावायचा नाही. माणसाचा इकामा लवकर होतो, लाकडाला दोन उन्हाळे लागतात.

आणि खरोखर त्यांनी दोन उन्हाळे आम्हाला त्या जुन्या, चिकटपट्टीच्या मुठीवर ठेवलं. गावाहून शिवणीच्या लाकडाचा तुकडा आणला, हलका, फिकट, शहाणा. 'फणस देवाला, शिवण माणसाला,' हे त्यांचं वाक्य. तो मिरकाबच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला आणि विषय संपवला. मी मध्ये मध्ये विचारायची, मेस्त्री, झाला का हो इकामा? "मेडिकल झालाहा, फिंगर व्हवचा आसा," म्हणजे बोटांचे ठसे तेवढे राहिलेत, असं गंभीर चेहऱ्याने सांगायचे.

मिरकाबचं ते कपाट मी एकदा पाहिलं. त्यांना ताप आला होता म्हणून मी डबा घेऊन गेले होते. दुमजली पलंग, दोरीवर बनियन, आणि कपाटावर छतापर्यंत लाकडाचे तुकडे. आमच्या सुरीची आणि त्या इकाम्याची कीर्ती पसरली तशी लोक रजेवरून येताना चकल्यांबरोबर मुठींसाठी लाकडं आणायला लागले होते. कुणाच्या अंगणातली चिंच, कुणाच्या मोडलेल्या पाळण्याची पट्टी, कुणाच्या आजोळच्या देव्हाऱ्याचा पाय. एकेका तुकड्यावर पेन्सिलीने नाव. खोलीतले बाकीचे वैतागलेले. झोपेत डोक्यात पडेल एखादं, म्हणत होते. मेस्त्री तापातसुद्धा उठले, एक तुकडा काढला, तळहातावर तोलला, नाकाशी नेला आणि म्हणाले की अजून याच्या अंगात गाव आहे. पुन्हा वर ठेवला.

हट्टी तर इतके की लोक चिडायचे. संगीता म्हणून लातूरकडची एक नर्स होती इथे. तिची आई वारली तेव्हा तिने आईचं पोळपाट उचलून आणलं होतं. त्याची तिला मूठ करून हवी होती, कारण ती आता कॅनडाला चालली होती आणि जाण्यापूर्वी हातात सुरी हवी होती. जुनं, खणखणीत वाळलेलं लाकूड. मला वाटलं, हे तर सोपं. मेस्त्रींनी तिच्या हाताची कणीक घेतली, मूठ घडवली, कडं केलं आणि पातं बसवायला साफ नकार दिला. ती रडकुंडीला आली. मग त्यांनी तिला समोर बसवून टाकाऊ लाकडावर सगळं तिच्याकडून करून घेतलं. शेपटी कशी तापवायची, ओलं फडकं कुठे, ठोका कुठे. आणि मूठ वेगळी, पातं वेगळं असं बांधून दिलं. जिथे वापरायची तिथली हवा तिला आधी खाऊ दे, मग तूच बसव, असं सांगितलं. पोरगी जाताना त्यांच्या पाया पडली. ती गेल्यावर मेस्त्री मला म्हणाले की लाकडाला पुन्हा गाव बदलायला लावणं वाईट, पण न सांगता लावणं त्याहून वाईट.

हे वाक्य कुठून आलं, ते मला पुढे कळलं. आमच्या शिवणीची मूठ अखेर बसवायला घेतली त्या शुक्रवारी. कानस मारता मारता, माझ्याकडे न बघता, ते आपण होऊन सांगायला लागले.

काही वर्षांपूर्वी ते कायमचे म्हणून घरी गेले होते. सामान विकलं, मित्रांना जेवण दिलं, खलास. घरी गेले तेव्हा हात शिवशिवत होते, सगळी हौस फेडायची होती. बायकोच्या स्वयंपाकघराची त्यांनी धुळधाण केली आणि नवं उभारलं. इथल्या फ्लॅटमध्ये असतो तसा ग्रॅनाइटचा उंच ओटा, खाली कपाटं, मऊ मिटणारी दारं. गावात लोक बघायला आले. सुलोचना, म्हणजे त्यांची बायको, काही बोलली नाही. मग काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की ती मागच्या पडवीत चूल मांडून स्वयंपाक करतेय. का, तर तिथे बरं पडतं. आणखी काही दिवसांनी त्यांना ओट्याखाली एक पाट दिसला. ती ओट्याशी पाटावर उभी राहून भाजी चिरत होती आणि ते आत आले की पाट खाली सरकवत होती. ओटा त्यांनी मुदीरच्या बायकोच्या उंचीचा केला होता. आपली बायको केवढी आहे, हे त्यांनी मोजलंच नव्हतं.

"बोलायचं ना मग तिने," मी म्हटलं.

"बोलली," मेस्त्री म्हणाले. कानस थांबली होती. त्या पावसाळ्यात कौलं शाकारण्यात, गड्याच्या मजुरीत, मुलाच्या नोकरीत, प्रत्येक गोष्टीत त्यांचा हात घालून झाला होता. घर तिने एकटीने चालवलं होतं, त्याची तिला सवय होती आणि यांना नव्हती. एक दिवस ताट वाढता वाढता ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमी रजेर येतास तेवाच बरे."

भांडण नाही, आदळआपट नाही. मेस्त्रींनी ताट संपवलं आणि दुसऱ्या दिवशी कुडाळच्या एजंटकडे गेले. पाऊस संपायच्या आत परत मिरकाबला. सगळ्यांना सांगितलं की कंपनीने हात जोडून बोलावलं. तो दिवाणियाचा दरवाजा तेव्हापासून उंच व्हायला लागला असावा.

आमची सुरी त्यांनी त्या दिवशी बसवली ती आजतागायत हललेली नाही. मुठीवर करंगळीसाठी एक हलकीशी खोबण आहे. आता मी करंगळी धरते.

मग कंपनीने कळवलं की पुढचा इकामा नाही. वय झालं. मेस्त्रींनी ही बातमी मला फोनवर हसत हसत दिली, पण त्या शुक्रवारी आले तेव्हा दारावर टकटक केली नाही, टेबलावर नाही. सरळ जाऊन बसले. मी थालीपीठ लावलं, ते त्यांना आवडायचं. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "वैनी, रजेर कोणय गोड दिसता. ह्या खेपेक रजा नाय. थय नाय जमला तर खय जातलंय मी?"

काय सांगणार? साठी उलटलेल्या माणसाला कुठे एजंट नसतो. मी त्यांच्या पानात आणखी एक थालीपीठ वाढलं आणि लोण्याचा गोळा ठेवला.

मंडळाने त्यांना निरोपाला घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, वेडे झालात का? मंदार पुन्हा जपानला चालला होता. त्याने मुठीवाचून नुसतं पातं आणलं, मासे कापायचं, जरा जाडसर, रुंद. मेस्त्रींनी ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले की ही सुरी तिची. सुलोचनाचे गुडघे गेले होते. खाली बसून आदोळीवर, म्हणजे विळीवर, मासे कापायचं बंद झालं होतं, आणि मासे दुसऱ्या कुणी कापलेले तिला चालत नव्हते. तर आता हिला उभ्याने कापायला सुरी.

कपाटावरची सगळी लाकडं ज्याची त्याला वाटून टाकली होती. शिवणीचा एक तुकडा उरला होता, इकामा झालेला, पक्का. मेस्त्रींनी पेन्सिल कानावरून काढली आणि तिथेच थांबले. एगैलापासून बनेद अल-गारपर्यंतच्या निम्म्या मराठी बायकांचे हात या माणसाला पाठ. माझी करंगळी, संगीताचा अंगठा. आणि स्वतःच्या बायकोची मूठ केवढी, ते त्यांना सांगता येईना. त्यांनी माझा हात पुढे करायला लावला. एवढा असेल? नाही, लहान असेल. मग मला म्हणाले, तुम्हीच फोन लावा.

मी व्हिडिओ कॉल लावला. सुलोचनाताई मी पहिल्यांदाच बघत होते. बारीक चणीच्या, नाकात मोत्याची चमकी, डोळे मिस्कील. मेस्त्रींनी सांगितलं, घट्ट कणीक मळ, गोळा मुठीत धर आणि कॅमेऱ्यासमोर आण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हात बघूचो तर हय येवन बघा."

आणि फोन ठेवला. मी हसायला गेले आणि मेस्त्रींचा चेहरा बघून हसू आवरलं. ते रागावले नव्हते. तुकडा हातात फिरवत होते. मग त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली आणि म्हणाले की बरोबर आहे तिचं. हे लाकूड इथे सुकलेलं, तिथल्या पावसात फुगणार, कडं फोडणार. याला तिथे पुन्हा पहिल्यापासून राहायला लागेल. त्यांनी त्याला करवत लावलीच नाही.

विमानतळावर आम्ही दोघं सोडायला गेलो. पातं मंदारने पुठ्ठ्यात आणि टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत घातलं होतं. लाकडाचा ठोकळा मात्र मेस्त्रींनी हातात ठेवला, बॅगेत जाऊ देईनात. आमच्या घरून निघताना दर वेळी ते "येतंय" म्हणायचे. त्या दिवशी तोंड उघडलं, मिटलं आणि नुसती मान हलवली. काचेपलीकडे तपासणीच्या माणसाने त्यांना अडवलेलं दिसलं. ठोकळा बघून तो काहीतरी विचारत होता. मेस्त्रींनी काय सांगितलं, ऐकू येण्यासारखं नव्हतं, पण त्यांनी ठोकळा त्या माणसाच्या नाकाशी धरला. त्याने वास घेतला, हसला आणि जाऊ दिलं. लाल केसांचं डोकं गर्दीत शिरलं ते मग दिसलं नाही.

पुढे बरेच महिने खबर नाही. मी फोन करायची धास्ती घेतली होती. न जाणो, पुन्हा कुठल्या एजंटच्या दारात असले तर? शेवटी गणपतीच्या सुमाराला त्यांचाच व्हिडिओ कॉल आला. मेंदी उतरली होती, डोकं मिशीइतकंच पांढरं. जाकीट नाही. मागे पाऊस कोसळत होता आणि निम्मं बोलणं त्यातच वाहून जात होतं. फोन फिरवून त्यांनी मला स्वयंपाकघर दाखवलं. ग्रॅनाइट गेलं होतं. ओटा खाली आणला होता, इतका की मेस्त्रींना वाकावं लागत असेल. त्याच्याशी सुलोचनाताई पाठमोऱ्या उभ्या होत्या, पायाखाली पाट नव्हता.

सुरीचं काय झालं, मी विचारलं. ठोकळा माळ्यावर ठेवलाय, म्हणाले, दोन पावसाळे हात लावणार नाही. आणि मग एकदम लहान मुलासारखे खुलून त्यांनी कणकेचा एक गोळा कॅमेऱ्यापुढे धरला. त्यावर चार बोटं, अंगठा, सगळं स्वच्छ उमटलेलं. "बघितलास, वैनी? अंगठो खय इलोहा बघा. सगळो जोर अंगठ्यात."

मी बघितलं. मग न राहवून म्हटलं, "लाकडाचं राहू द्या. तुमचा झाला का इकामा?"

मेस्त्रींनी एकदा मागे वळून ओट्याकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "अर्ज केलेलो आसा," म्हणाले.

तेवढ्यात बाजूने एक हात आला. लहानसा, कणकेने माखलेला, दोन हिरव्या बांगड्यांचा. त्याने मेस्त्रींच्या हातातला गोळा काढून घेतला.

"द्या हडे ती कणीक," पलीकडून आवाज आला. "माका जेवण करूचा आसा. उद्या पुना धरतंय."